इस्तारीनं न उपटलेला खुंट

इस्तारी ढिवर म्हणजे आमच्या सावली गावातला सगळ्यात हट्टी माणूस. त्याच्यासंगं भांडून माझा घसा बसे, पण त्याच्या डोक्यात काई शिरत नसे. मी शकिला, तलावाच्या रस्त्यावर माझं बांगड्यांचं दुकान, अन् बाजूलेच इस्तारीचं घर. बायको लवकर गेली, मंग एकुलती पोरगी पायल हेच त्याचं सगळं. तिले चंद्रपुरात बीएस्सीले घातलं तवा मोहल्ल्यातले लोक हसले. म्या म्हटलं, हसू दे मेल्याइले.

२००३ साली पोरीले ताप यायले लागला, हिरड्यांतून रक्त. नागपूरच्या डॉक्टरनं रक्ताचा कॅन्सर सांगितला. औषधं झाली, केस गेले, अन् शेवटी डॉक्टरच म्हणे, आता घरी न्या.

घरी आली तं इस्तारीचं एकच, हे काऊन झालं? पायल माझ्या ओट्यावर उशीले टेकून बसायची अन् त्याले समजवायची. पेशी एकीच्या दोन होतात, पण त्याच्या अगोदर आतल्या धाग्याची, डीएनएची, नक्कल व्हावी लागते. ते मनाले येईल तसं सुरू होत नाई. अगोदर काही प्रथिनं धाग्यावर जागा धरून बसतात. मंग दोन मदतनीस येतात, अन् सगळे मिळून धाग्यावर बांगडीवानी कडं चढवतात. इशारा झाला की धागा उलगडते अन् नक्कल सुरू होते. तवा आणखी एक प्रथिन येते अन् एका मदतनिसाचा हात धरून ठेवते, म्हणजे त्याच खेपेत पुन्हा कडं चढू नये. मले बांगडीचं तेवढं पटलं.

इस्तारी नुसता पाहत होता. म्हणून तिनं त्याच्याच, तलावात मासे धरायच्या धंद्यातलं सांगितलं. ढिवरांची रीत हाये, म्होरक्या खुंट ठोकेल त्याच जागी जाळं लागते. दोघं दोर धरतात, जाळं ओढतात, अन् झालं की खुंट उपटतात. खुंट नाई म्हणजे पुढच्या सालापर्यंत तिथी जाळं नाई. पेशीतबी असंच हाये, पायल म्हणे, अन् या बिमारीत पेशी कोणताच कायदा मानत नाई. माझ्या रक्तात नेमकं काय बिघडलं ते डॉक्टरलेबी पुरतं माहीत नाई.

झालं! इस्तारीचा चेहरा उतरला. आदल्या साली म्होरक्या तोच होता. एक खुंट त्यानं मुद्दाम ठेवला अन् पोरीच्या कॉलेजपायी तिथी दुसऱ्यांदा जाळं लावलं. रीत म्या मोडली अन् भोगून राह्यली पोरगी, असं त्यानं धरलं. मी त्याले लय बोलली. अरे भाऊ, तिनं उदाहरण दिलं, तू गुन्हा उचलला! पण ऐकेल तं इस्तारी कसला? जाळ्याले हात लावणं सोडलं, जेवण सोडलं.

पायलले हे समजलं अन् तिचं मरण बाजूले राह्यलं. आपण गेल्यावर बा हे उरावर घेऊन जगेल, हाच घोर तिले लागला. ताप उतरला की त्याले जवळ बसवायची अन् पुन्हा सांगायची. अंगात बोलायची ताकद नव्हती, या अल्ला, तरी सांगायची. मले पाहवत नव्हतं. रडू यायचं अन् इस्तारीचा रागबी यायचा.

शेवटच्या दिवशी तिनं त्याचा हात धरला. मी तिथीच होती.

"बा, माझ्या रक्ताले तुझ्या तलावाचं काई माहीत नाई. तू काई केलं नाई. समजलं का?"

"समजलं माय," इस्तारी म्हणाला. "आता पुरतं समजलं. ते खुंटाचं माझ्या डोक्यातून गेलं."

पोरगी हसली. लय दिवसांनी गिलासभर पाणी पेली अन् दुपारी गेली.

माती देऊन आल्यावर इस्तारी माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्या म्हटलं, भाऊ, एक बरं झालं, तुले समजलं, पोरगी निवांत गेली.

"मले काईच नाई समजलं, शकिलाबाई," तो म्हणाला. "तिचा जीव तिथीच अटकून राह्यला होता, म्हणून हो म्हटलं."