रिकाम्या घराचं वेळापत्रक

२००५च्या हिवाळ्यात घरं तापवायचा गॅस महागला आणि इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या ओळखीच्या घरांत जेवणं झाली की एकच विषय निघायचा: हीटिंग कोण किती वर ठेवतं. त्यात मी सगळ्यांत शहाणा. जुना थर्मोस्टॅट काढून वेळापत्रक लावता येणारा नवा मी स्वतः बसवला होता. मी आणि बायको सकाळी ऑफिसला निघालो की घर पंचावन्न फॅरनहाइटवर, म्हणजे नागपूरची डिसेंबरातली पहाट. पाच वाजता पुन्हा अडुसष्ट. आम्ही सहाला घरात शिरायचो तेव्हा ऊब तयार असायची. रिकाम्या घराला ऊब कशाला, हे वाक्य मी त्या वर्षी वीसेक लोकांना तरी ऐकवलं असेल.

नोव्हेंबरात नागपूरहून आई आली, सहा महिन्यांसाठी. वडील जाऊन वर्ष झालं होतं, तिकडे ती एकटीच. तिला इथे करमलं तर कायमचं इकडेच आणायचं, असं माझ्या मनात होतं. पहिल्याच दिवशी घर दाखवताना थर्मोस्टॅटपाशी थांबून मी म्हणालो, "आई, याला हात लावू नको. सगळं सेट केलंय." तिने मान डोलावली.

वेळापत्रक बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. घर आता दिवसभर रिकामं नसणार, एवढी साधी गोष्ट. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं होतं, त्यामुळे आम्हाला कधी जाणवलंही नाही. आईने चकार शब्द काढला नाही. मुलाचं असलं तरी सुनेचं घर, तिथे आल्या आल्या तक्रार करायची नाही, ही तिची रीत.

डिसेंबरात मला कपडे वाळवायच्या ड्रायरचा राग यायला लागला. आई रोज तो लावायची, दोन टॉवेल आणि एका परकरासाठी. आधी बायकोने गोडीत सांगून पाहिलं. मग मी बोललो.

"आई, एवढ्याशा कपड्यांना मशीन? संडेला एकदम लावत जा ना. उगाच वेस्ट होतं सगळं."

माझा आवाज चढला होता. ती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रायर बंद झाला. तिने ऐकलं म्हणून मला बरंही वाटलं, हे आता लिहिताना लाज वाटते.

जानेवारीत एकदा ऑफिसात मला ताप भरला आणि मी दुपारीच घरी आलो. आत शिरलो तर घर गार पडलेलं. आई हॉलमध्ये खिडकीशी खुर्ची ओढून उन्हाच्या पट्ट्यात बसली होती. साडीवर माझं जुनं जॅकेट, डोक्यावरून शाल, दोन्ही हात काखेत. कार्पेटवर खुर्चीच्या पायांचे ठसे खिडकीपासून भिंतीपर्यंत गेले होते. ऊन सरकेल तशी ती खुर्ची सरकवत होती. ते ठसे मी आधीही पाहिले होते आणि बायकोला व्हॅक्यूम करायला सांगितलं होतं.

"थंडी वाजते तर सांगायचं नाही का?"

"दिवसा इथे असंच असते, वाटलं मला. संध्याकाळी तुम्ही आले की होते गरम." मग म्हणाली, "त्या मशीनपाशी बरं वाटे. टॉवेल कोरडेच असत रे. मीच भिजवत होती."

तेवढ्यात माझा चेहरा पाहून ती उठली आणि तिने माझ्या कपाळाला हात लावला. हात बर्फासारखा होता. तापात तो मला फार बरा वाटला.

त्याच दिवशी मी वेळापत्रक पुसून टाकलं आणि घर बहात्तरवर ठेवलं. आईने शाल काही काढली नाही. पुढच्या आठवड्यात तिने तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. नागपूरचं घर बंद राहिलं तर वाळवी लागेल म्हणाली. मी तारीख बदलून आणली. इथेच राहशील का, हे तिला विचारायचं होतं, पण विचारायला तोंड नव्हतं.

नंतर दरवर्षी मी फोनवर "ये" म्हणायचो. ती म्हणायची, "उन्हाळ्यात पाहू." ती आली नाही.