मुक्या आत्याचा शब्द

माझ्या आत्याचं नाव बोंग-छी. आमच्या बोलीत त्याचा अर्थ 'झालीच आहे तर वाढवा'. लागोपाठ चौथी मुलगी झाल्यावर आजोबांना दुसरं काय सुचणार! पण आत्या सगळ्यांना पुरून उरली, तीही तोंडाच्या जोरावर. तैवानात आमच्या ताइका गावी लव्हाळ्याच्या टोप्या विणणाऱ्या बायका पुष्कळ, पण बोटांइतकीच जीभ चालवणारी ही एकटीच.

अशा बाईला जपानी राज्याच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मुकं व्हावं लागलं, आणि तेही माझ्यापायी. मुलींच्या वरच्या शाळेत आमच्या लोकांना जागा मोजक्याच. दारावर 'राजभाषेचं घर' अशी सरकारी पाटी असली तरच माझा नंबर लागण्याची आशा होती. पाटी हवी, तर घरातल्या झाडून सगळ्यांनी जपानीच बोलायचं. बाबा कचेरीत कारकून, त्यांना ती येत होती. आई आणि मी शिकलो. आत्याला मात्र साधं 'या, बसा' जमेना. शेवटी बाबांनी अर्जात लिहून टाकलं, बहीण जन्मापासून मुकी.

"मुकी? त्यापेक्षा कागदावर मारूनच टाक ना मला!"

"अक्का, पोरीसाठी. चार महिने फक्त."

"पोरीसाठी गप्प बसते. तुझ्या तोंडाकडे बघून नाही."

आणि बसली. शेजारणी तोंडावर हात ठेवून हसायच्या, पण चुगली कोणी केली नाही. आत्या कोंबड्यांनासुद्धा हातवारे करून हाकलायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

चौथ्या महिन्यात जिल्ह्याहून जपानी तपासनीस आला. आम्ही पोपटासारखं बोललो. तो खूश झाला. निघताना ओसरीवर आत्या विणत बसलेली दिसली, तशी त्यानं कौतुकानं अर्धी टोपी हातात घेतली आणि काठ मुडपायला गेला. लव्हाळं सुटलं. "फारच अवघड काम," तो हसून म्हणाला.

'अवघड'साठीचा तेवढा एक जपानी शब्द आत्याला चार महिने ऐकून कळत होता. आणि आपल्या कामाला कोणी अवघड म्हणून खाली ठेवलेलं तिला खपायचं नाही. टोपी तिनं ओढूनच घेतली.

"कानतान!"

आमच्या बोलीत म्हणजे सोपं! बाबांचा चेहरा पांढराफटक. माझी शाळा गेली, असं वाटून मला रडूच फुटलं.

तपासनिसानं अर्ज पुन्हा वाचला. "ही तर मुकी ना? आता चक्क 'कानतान' म्हणाली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जपानीतही सोप्याला कानतानच म्हणतात! मी नाक पुसत म्हणाले, "साहेब, आम्ही रोज शिकवतो तिला. आज पहिल्यांदाच बोलली."

"पहिला शब्द, आणि तो राजभाषेत!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जागच्या जागी त्यानं शिफारस लिहिली.

तो वळणाआड गेला आणि आम्ही तिघं ओसरीवरच बसलो. किती सुटल्यासारखं वाटलं! बाबा तर हसता हसता रडायलाच लागले. माझी शाळा पक्की झाली होती.

आत्या मात्र काठ मुडपत राहिली.

"अक्का, बोल की आता. गेला तो."

"काय बोलू?" आत्या म्हणाली. "चार महिन्यांत एक शब्द बोलले, तोही त्यांच्याच नावावर गेला."