झिंग्यांवर फिरणारा चुंबक

मार्चमधला शनिवार, अर्जुनी मोरगावचा बाजार. हजर: मी, माझी जाऊ, पाच-सहा गिऱ्हाइकं, एक मांजर आणि सुके झिंगे विकणारी बाई. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

समुद्राच्या झिंग्यांत शिसं सापडतं, असा मेसेज त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. दुपार झाली तरी तिचं पोतं भरलेलंच होतं. लोक यायचे, वास घ्यायचे आणि पुढे जायचे. विश्वास फक्त मांजराचा उरला होता.

शेवटी बाईने पदर खोचला, जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक घेतला आणि इस्त्री करावी तसा झिंग्यांवरून फिरवला. मग तो उलटा करून प्रत्येकाच्या नाकासमोर धरला.

"पाहा! चिकटलं का काही?"

"नाही," सगळे म्हणाले.

"मंग कायले भेता?"

माझी जाऊ नीट बघायला वाकली, तर चुंबक तिच्या पिशवीतल्या नव्या तव्याला खटकन चिकटला.

"ओ बाई, धातू तं तुमच्या पिशवीत हाय! माह्या झिंग्यांले काऊन नावं ठेवून राहिल्या?"

सगळे हसले आणि तासाभरात पोतं रिकामं झालं. जावेनेही पावशेर घेतले.

शिसं चुंबकाला चिकटत नाही, हे मला ठाऊक होतं. सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने विचारलं, "तुमाले किती देऊ?"

घरी येऊन यादीत लिहिलं: झिंगेवालीला खरं सांगणे. त्यानंतर तीन बाजार झाले. दर वेळी तिच्यासमोर रांग असते, आणि हे काम अजून बाकी आहे.