वाडीतला धूर आणि जिनिव्हाच्या बाई

नव्वदच्या दशकात मी पेणच्या एका लहानशा संस्थेत टायपिंग करत होते. इंग्रजी बरं होतं, म्हणून बाहेरचे पाहुणे आले की दुभाषीही मीच. पगार मात्र एकच. संस्था कातकऱ्यांच्या घराखालच्या जागेसाठी भांडायची, आणि आमचे सर त्यातले प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण पाहुणे येणार म्हटलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं.

डोंगराकडच्या एका वाडीशी आमचा जास्त संबंध होता. दिवाळी झाली की तिथली माणसं पोरंबाळं घेऊन वीटभट्ट्यांवर जात ती थेट पावसाच्या तोंडाला परत. जमीन गावातल्या एका मालकाच्या नावावर. शेजारच्या वाडीला अशाच रिकाम्या दिवसांत तारेचं कुंपण पडलं होतं. माणसं परतली तर स्वतःच्या घरात शिरायची चोरी. तेव्हापासून या वाडीनं एक रीत पाडली. एका म्हातारीला मागं ठेवायचं. ती आज या घरात चूल पेटवी, उद्या त्या घरात. रस्त्यावरून बघणाऱ्याला रोज वेगळ्या छपरातून धूर दिसे आणि वाडी नांदती वाटे.

त्या वर्षी म्हातारीची लेक कासूजवळच्या भट्टीवर होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. वाडीतली निम्मी पोरं म्हातारीच्या हातावर जन्मलेली, आणि पोटच्या पोरीच्या वेळेला ती इथं लोकांच्या चुली फुंकत बसलेली. मला ते बघून कसंतरीच व्हायचं. पण ती गेली असती तर धूर कोण काढणार होतं?

अशात रोह्याला परिषद ठरली. मूलनिवासींच्या हक्कांसाठी जिनिव्हात दरवर्षी तज्ज्ञांचा एक गट बसतो, त्यातल्या एक बाई येणार होत्या. उत्तरेकडच्या बर्फाळ देशातल्या, स्वतः रेनडिअर पाळणाऱ्या लोकांतल्या. सरांना त्यांच्यापुढं बोलायला म्हातारी हवी होती.

म्हातारी म्हणाली, "येते. पन माझ्या जागी कोन बाईमानूस बसव. आन् गाडी कासूला थांबव. लेकीला बघून लगेच पुढं जाऊ."

"थांबवू की," सर म्हणाले. "वाटेवरच तर आहे."

बाईमाणूस म्हणजे मीच. आठवडाभर भाषांतराची तयारी केलेली, बाईंना भेटायची केवढी हौस होती मला, आणि नशिबी आली चूल! दुभाषी म्हणून सरांनी रोह्यातल्या एका प्राध्यापकांना गाठलं. मी चिडले, पण गेले.

"कोपऱ्यातल्या घरात वल्ली लाकडं घाल गो," म्हातारीनं जाताना शिकवलं. "धूर दाट येतो. सैपाक नाय झाला तरी चालंल."

दोन दिवस मी डोळे चोळत ओली लाकडं फुंकली. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधापलीकडं एक ट्रॅक्टर थांबला. मागं कुंपणाचे सिमेंटचे खांब दिसत होते. मी सरळ दोन घरांत जाळ केला आणि आतूनच मोठ्यानं कुणाला तरी हाका मारत राहिले. ट्रॅक्टरवाल्यानं विडी ओढली, बराच वेळ बघितलं आणि निघून गेला. दमले होते, पण खरं सांगते, एवढं समाधान मला टायपिंगनं कधी दिलं नाही.

संध्याकाळी जीप आली. सर, म्हातारी आणि त्या पाहुण्या बाई उतरल्या. बाईंनी माझा काजळलेला हात हातात घेतला आणि तुमचे लोक इथं किती पिढ्यांपासून राहतात, असं विचारलं. मी रोह्याची आहे म्हटल्यावर त्या मनापासून हसल्या.

म्हातारी हसत नव्हती.

"लेक कशी आहे?" मी विचारलं.

"गाडी नाय थांबली."

जाताना उशीर झाला होता म्हणे. येताना बाईंना वाडी उजेडात दाखवायची होती. आणि परिषद लांबली ती कशानं? तर मूलनिवासी म्हणायचं कुणाला, यावर. सरकारी बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, या देशात सगळेच मूलनिवासी. मग त्यावर दुपारपर्यंत खल. माझं डोकंच फिरलं.

सर खुशीत होते. म्हातारीचं भाषण बाईंना आवडलं होतं. येत्या पावसाळ्यात जिनिव्हाला या, विमानाचं आम्ही बघू, असं बाई म्हणाल्या. मी ते म्हातारीला सांगितलं.

"पावसात सगली घरी असतात. मंग जमंल," ती म्हणाली. "तिथली मानसं जागा आमच्या नावावर करतील?"

मी विचारलं. बाईंनी खरं तेच सांगितलं. त्यांचा गट सरकारांना सुचवू शकतो, भाग पाडू शकत नाही.

म्हातारीनं मान डोलावली. म्हणाली, "आन् येताना गाडी कासूला थांबंल का?"

सर मला म्हणाले, "हे नको सांगूस." मी सांगितलं. कासूत काय आहे, तेही सांगितलं.

बाई सरांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी बूट काढले, घरात जाऊन चुलीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "जीप आत्ता तिला घेऊन जाऊ दे. आम्ही दोघी इथं आहोत." बाईंना मुंबईला पोचून विमान गाठायचंय, असं सरांनी काढून बघितलं. बाईंनी ओलं लाकूड चुलीत सारलं आणि खोकत फुंकायला लागल्या. म्हातारी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलीसुद्धा.

सकाळी ती परत आली. मागच्या सीटवर आडवी झालेली, डोळे लाल. सर जीपपाशी येऊन उभे राहिले. बाईही बाहेर आल्या.

"पोर झाली," म्हातारी म्हणाली. "बरी हाय. लेक लय रगत जाऊन पडलीय, डाक्टरकडं नेली. पोर परवा सकाळीच झाली. भट्टीवरनं रस्ता दिसतो. आपली जीप रोह्याला जाताना लेकीनं बघितली, आय आली म्हनली."

मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. मग सरांकडं वळले आणि शेवटचं वाक्य त्यांना मराठीतच पुन्हा एकदा ऐकवलं.