पाय आपटून पाजणारी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणंही मिळत गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नातीचं लग्न झालं, कधी ऊन फार होतं तर कधी पाऊस. आता मोतीबिंदू निघाला, नात सासरी रमली आणि कारणं संपली. म्हणून मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. पोरांनी डोक्यावर घेतलेली ती कार्टून सिनेमातली मेंढी, जी रागानं पुढचा पाय आपटते आणि मग दुसरीच्या कोकराला मुकाट पाजते, ती मी घडवलेली नाही. पडद्यावर ‘पात्रकल्पना आणि रेखाटने’ या शब्दांखाली माझं नाव येतं. त्यातली रेखाटनं माझी, हे खरं. पण मेंढी आमच्या पाहुण्यांची. आणि आमच्या पाहुण्यांइतका मेंढी कळलेला जीव सातारा-सांगलीत तर नाहीच, पण खुद्द मेंढ्यांमध्येही झालेला नाही.

पाहुणे म्हणजे आमचे नातलग नव्हेत. ते म्हसवडकडचे मेंढपाळ. मी रहिमतपुरात चित्रकलेचा मास्तर होतो आणि घरची थोडी शेती होती. दिवाळी सरली की पाहुणे माणदेशातून कळप घेऊन खाली उतरायचे आणि ऊस तुटून मोकळ्या झालेल्या आमच्या रानात मेंढरं बसवायचे. रानाला लेंड्यांचं खत मिळावं आणि मेंढक्याला ज्वारी, हा आमच्या भागातला जुना रिवाज. वडिलांच्या काळात त्यांचे वडील यायचे, माझ्या काळात ते आले. मी त्यांना ‘पाहुणं’ म्हणायचो, ते मला ‘सर’. दोघांनाही तेवढ्यावर इतकी वर्षं भागवता आलं. त्यांचं पूर्ण नाव मी कधी विचारलं नाही, आणि पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथूनच झाली.

त्यांच्या सवयी काय सांगाव्यात! कळपाकडं पाठ करून ते आयुष्यात कधी बसले नाहीत. आमच्या घरी जेवायला आले तरी ताट दाराकडं तोंड करून मांडावं लागे, आणि मी शेजारी बसून त्यांच्या कानाशी बोले. मेंढरं ते मोजत नसत. मी एकदा म्हटलं, ‘‘पाहुणं, एखादं कमी झालं तर कळणार कसं?’’ तर मला म्हणाले, ‘‘सर, तुमी घरात जेवाय बसल्यावर बायकू हाय का न्हाई ते मोजून बगता व्हय?’’ चालताना हातातली चाती फिरत असायची, लोकरीचा दोरा निघत असायचा, आणि डोळे मात्र शंभर पावलांवरच्या एखाद्या लंगड्या कोकरावर. माणूस भेटला की आधी त्याचे दात बघत, कारण मेंढराचं वय दातांवरून कळतं आणि माणसाला वेगळा नियम लावायचं त्यांना कारण दिसत नव्हतं. मी कवळी बसवली त्या वर्षी माझ्याकडं बघून दोन पावलं मागं सरले. ‘‘आवं सर, गेल्या साली बोळकं हुतं, आन् आवंदा आठ दाती? जतच्या बाजारात हुबं केलं तर घेनारा फसंल की!’’

पुढं मोबाईल आला आणि पाहुण्यांनी त्याचाही आपल्या पद्धतीनं वापर सुरू केला. फोन त्यांनी लावलेला असो की आपण, आधी दोन-चार मिनिटं नुसती ‘बँऽ बँऽ’ ऐकू यायची. ते फोन कळपाकडं धरून उभे असत. खुशाली ज्यांची विचारायची त्यांनीच ती सांगावी, असं त्यांचं मत. मग स्वतः येत. ‘‘ऐकलं न्हवं? समदी बरी हायती. ठिवतो.’’ आपल्याबद्दल एक शब्द नाही. माझी बायको म्हणायची, ‘‘तुमचा तो मित्र एक दिवस मेंढराला बोलायला शिकवील आणि स्वतः बोलायचं सोडून देईल.’’

तर या पाहुण्यांची एक मेंढी होती. जतच्या बाजारातून आणलेली, माडग्याळी जातीची. उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, कान लोंबते आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. तिला ते ‘कारभारीण’ म्हणत. मेंढी आपल्या कोकराशिवाय दुसऱ्याला कासेला लावून घेत नाही, ढुशी मारून हाकलते. कारभारणीची तऱ्हा निराळी. आई मेलेलं कोकरू जवळ आलं की ती आधी त्याचा वास घ्यायची, मग पुढचा उजवा पाय जमिनीवर थाडकन आपटायची, कोकरू भेदरून मागं सरायचं, आणि मग ही तोंड फिरवून उभी राहायची, म्हणजे ‘पी आता’. पाहुणे मला दाखवत. ‘‘बगा सर. आदी राग काडती, मंग पाजती. पोटात राग ठिवून पाजलेलं दूद पचत न्हाई, तिला ठावं हाय.’’

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात कार्टून सिनेमे करायची. एका हिवाळ्यात ती माझ्याकडं आली. तिच्या नव्या सिनेमाची नायिका मेंढी होती आणि ती काही केल्या जिवंत होत नव्हती. ‘‘सर, तुम्ही जनावरं इतकी छान काढायचात, जरा बघा ना,’’ म्हणाली. लॅपटॉप उघडला. कापसाच्या ढगासारखी गुबगुबीत मेंढी, लांब पापण्या, वरखाली पांढरेशुभ्र दात आणि चपटं नाक. मी काही बोलायच्या आत दाराकडं तोंड करून बसलेले पाहुणे मान वाकडी करून बघू लागले.

‘‘ही कोन म्हनायची?’’

‘‘मेंढी आहे, आजोबा. नायिका.’’

‘‘आसंल बाई. पन हिला वरचं दात कुनी बसवलं? सरांच्या डाक्टरनं?’’ मग त्यांनी समजावून सांगितलं की मेंढीला वर पुढचे दात नसतातच. ‘‘आन् नाक कुटं गेलं? नाकाबिगर आमच्या गावात हिला कोन दारात हुबं करंल?’’

पोरगी हुशार. तिनं वही काढली. ‘‘पण आजोबा, दात नसतील तर ती हसणार कशी? पोरांना कळायला पाहिजे ना की ती खूश आहे.’’

‘‘मेंढी तोंडानं कशाला हासंल? कान हायती की. खूश आसली की कान सैल सोडती. भ्याली की कान ताठ. राग आला की मागं. तोंड चाऱ्यासाटी आसतंय, त्याला आनी कामं लावू नगासा.’’

त्या एका वाक्यावर अख्खी नायिका उभी राहिली. पुढचे पंधरा दिवस मी कानच काढत होतो. पाहुणे माझ्या मागं उभे राहून, नजर कळपावर ठेवून, चूक सांगायचे. ‘‘ह्यो कान झोपलेल्या मेंडीचा हाय, आन् डोळं उगडं काडलंयसा. येकतर कान जागा करा, न्हाईतर डोळं झाकून घ्या.’’ डोळ्यातली बाहुली आडवी असते, त्यामुळं मेंढीला मान न वळवता मागचं दिसतं, हेही त्यांनीच सांगितलं. पुण्याची मंडळी म्हणाली, आडव्या बाहुलीनं पोरं भितील. पाहुणे म्हणाले, ‘‘मागनं कोन यितंय ते बगनारी बाई कुनालाबी भ्या घालतीच. मंग सवय हुती.’’ बाहुली आडवीच राहिली, आणि पोरांना तिची सवय झाली.

चालीचा दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. सगळं जमलं होतं, पण मेंढी चालताना कुत्र्यासारखी चालायची. पाहुण्यांनी दोनदा तोंडी सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी पटका काढून खुंटीला लावला, धोतराचा काचा मारला आणि आमच्या पडवीत सरळ चार पायांवर उभे राहिले. पासष्टीच्या पुढचा माणूस! इकडून तिकडं, तिकडून इकडं, मान खाली-वर करत, मध्येच थांबून वास घेत ते चालले. पोरगी मोबाईलवर चित्रण करत होती. एवढ्यात माझी बायको चहा घेऊन बाहेर आली, क्षणभर बघत राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘‘पाहुणं, चहा खाली ठेवू का वर?’’

पाहुणे खालूनच म्हणाले, ‘‘खालीच ठिवा वैनी. आत्ता कारभारीन हाय मी.’’ आणि त्यांनी पाय आपटला. तसाच, थाडकन. आधी राग, मग तोंड फिरवून उभं राहणं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘सर, हेच! हेच पाहिजे होतं,’’ ती म्हणाली.

सिनेमा झाला आणि काय गाजला! साताऱ्यातल्या थिएटरात मी पोरांना आपटलेल्या पायाला टाळ्या वाजवताना पाहिलं. आमच्या गल्लीतल्या पोरी आयांवर रुसल्या की पाय आपटून, तोंड फिरवून उभ्या राहायच्या. नायिका माणदेशी माळावर चालते, तेव्हा मागचा उजवा पाय जरासा ओढते. लोकांना ते फार आवडलं. कारभारणीचे चारही पाय धड होते. ओढत होता तो पाहुण्यांचा गुडघा. पडवीतल्या चित्रणातून तो तसाच्या तसा सिनेमात गेला होता. हे मला पहिल्या क्षणी कळलं आणि छाती अशी भरून आली की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलं, अहो, हे आमचे पाहुणे चाललेत!

पण मी सांगितलं नाही. त्याआधीच एक चूक करून बसलो होतो. सिनेमा पुरा होताना विद्यार्थिनीचा फोन आला होता. ‘‘सर, आजोबांचं पूर्ण नाव काय लिहायचं?’’ मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्याला दारात जेवू घातलं त्याचं नाव माहीत नाही, हे शिष्येला कसं सांगणार? पाहुण्यांना विचारायचं तर त्यांनाही कळणार. मी म्हणालो, ‘‘राहू दे. त्यांना असलं आवडत नाही.’’ तिनं विश्वास ठेवला. सरांवर ठेवायचाच असतो.

मग साताऱ्यात माझा सत्कार झाला. पाहुण्यांना मीच बोलावलं होतं. कळप तेव्हा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या माळावर होता; तो लेकाच्या ताब्यात देऊन ते चालत आले आणि शेवटच्या खुर्चीत, दाराकडं तोंड करून बसले. मला प्रश्न विचारला गेला, ‘‘सर, तो पाय आपटून पाजण्याचा प्रसंग तुम्हाला कसा सुचला?’’ शाल खांद्यावर होती, समोर सभागृह भरलेलं. माझ्या तोंडातून निघालं, ‘‘माझी आई अशीच होती. आधी रागवायची, पाय आपटायची, मग जवळ घ्यायची.’’ बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझी आई! जन्मात तिनं कुणावर आवाज चढवला नाही, आणि शेवटची कित्येक वर्षं संधिवातानं तिचा पाय जमिनीवरून उचलतही नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर पाहुणे जवळ आले. मी मान वर करू शकत नव्हतो. मला वाटलं, आता बोलतील. बोलले, पण काय? माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘‘सर, मला ठावंच न्हवतं. तुमची आई बी आशीच हुती व्हय? म्हनूनच तुमास्नी आमची कारभारीन येवडी कळली. मी म्हनायचो, मास्तर मानूस, ह्येला मेंडीतलं काय कळतंय!’’ त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला, मला तो हवाही होता, पण नव्हता. पुढच्या दिवाळीनंतर आले ते काळी घोंगडी घेऊन. वर्षभर चालता चालता त्यांनी स्वतःच्या चातीवर तिची लोकर कातली होती. ‘‘आईच्या फोटूम्होरं आतरा,’’ म्हणाले. मी अंथरली. दरवर्षी ते आले की आधी त्या फोटोला हात जोडत आणि मग दाराकडं तोंड करून बसत. अशा माणसाला सांगायचं तरी कसं?

तरी एका सकाळी मी फोन लावला. उचलल्याचा आवाज आला. थांबलो तर धीर जाईल, म्हणून डोळे मिटून एका दमात बोललो, ‘‘पाहुणं, माझी आई कधी पाय आपटत नव्हती. ती तुमची कारभारीण. मी सभेत खोटं बोललो आणि तुमचं नाव गिळलं. मला माफ करा.’’

पलीकडून एक मेंढी ओरडली. मग आणखी दोन-तीन. मग चालत आल्यासारखा पाहुण्यांचा आवाज जवळ आला. ‘‘हां सर. ऐकलं न्हवं? समदी बरी हायती. तुमी कायतरी म्हनत हुतासा का? फोन ह्यांच्याकडं हुता.’’

त्यांची सवय मला माहीत नव्हती असं नाही. घाईत विसरलो. आणि तेच पुन्हा बोलायला माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, ‘‘काही नाही पाहुणं. तुमची तब्येत कशी?’’

‘‘माजं काय, गुडगा तेवडा वडतोय,’’ ते म्हणाले. स्वतःबद्दल ते बोललेलं मी ऐकलं ते एवढंच.

त्या दिवाळीनंतर कळप आला तो लेकाबरोबर. पाहुणे उन्हाळ्यातच गेले होते. लेकाला मी बसवून सगळं सांगितलं. तो चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, ‘‘आबास्नी सांगाय पायजे हुतं सर, मला सांगून काय उपेग?’’ आणि तेच खरं. नाव मात्र त्यानं दिलं, पूर्ण. ते मी विद्यार्थिनीला कळवलं आहे आणि सिनेमात ते लावू असा तिनं शब्द दिला आहे. इथं लिहायला मात्र लेकानं मनाई केली. ‘‘कागदावर नगं. कागद शेरडं खात्यात.’’ बोलणं बापाचंच.

परवा दुपारी टीव्हीवर सिनेमा लागला. ती मेंढी माळ चढू लागली तसा मी खुर्ची ओढून अगदी पडद्याजवळ गेलो. कान सैल, नाक बाकदार, मागचा उजवा पाय ओढत ती चालली होती आणि माझ्याकडं तिची पाठ होती; पण आडवी बाहुली, तिला मागचं दिसतं. मी हात जोडले. ‘‘पाहुणं,’’ म्हटलं. पुढचं तोंडात आलं होतं, तेवढ्यात ती चढ ओलांडून पलीकडं गेली.