आमचे कॅथोड सर

रिसोडला आम्हाला फिजिक्स शिकवणाऱ्या सरांना कोणी प्रश्न विचारला, की ते खडू टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "पेपरात येते का हे?" येत नसेल तर विषय संपला. त्यांना सगळे कॅथोड म्हणत. कॅथोड म्हणजे विजेच्या नळीतलं ऋण टोक. हे नाव ज्याने कोणी ठेवलं, त्याला तेवढा एक धडा नक्की समजला होता.

त्यांचं अक्षर मात्र सुरेख. फळ्यावर नुसत्या हाताने काढलेलं वर्तुळही कंपासने काढल्यासारखं. त्यांच्याबद्दल मला चांगलं बोलता येतं ते एवढंच.

प्रयोगशाळेच्या कपाटात कॅथोड किरणांची काचेची नळी होती. आम्ही मागितली की सर सांगायचे, "फुटली ते." मग एकदा तपासणीला अधिकारी आले आणि तीच नळी धडधाकट बाहेर निघाली. खिडक्यांना पडदे लागले. सरांनी बटण दाबलं आणि काचेच्या टोकाला हिरवा उजेड पसरला. नळीत पत्र्याची फुली बसवलेली होती. तिची सावली त्या हिरव्यात लख्ख उमटली. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. सर पाठ केल्यासारखे म्हणाले, "हे किरण म्हणजे इलेक्ट्रॉन नावाचे ऋण कण."

माझ्या शेजारी शबाना होती. तिचे अब्बा गावात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. ती म्हणाली, "सर, सावली तर उजेडानंबी पडते. मंग हे कणच हायेत, हे कशावरून?"

"काहून व, तुले लय समजते?" सर वस्सकन अंगावर आले.

"बरोबर विचारते आहे," अधिकारी म्हणाले. "दाखवा ना, सर."

सरांना दाखवता येईना. शबानाने दप्तरातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि नळीजवळ धरलं. सावली सरकली. चुंबक उलटं केलं, तशी दुसरीकडे सरकली.

"उजेड चुंबकाले भेत नाही, सर," ती म्हणाली. "हे भेऊन राह्यले."

अधिकारी खळखळून हसले. त्यांच्याकडे बघून सरही हसले.

अकरावीच्या प्रात्यक्षिकात सरांनी शबानाला नापास केलं. कारण दिलं, शिस्त नाही. तिचे अब्बा भेटायला आले, तर मधल्या सुट्टीपर्यंत त्यांना व्हरांड्यात उभं ठेवलं.

"सर, बच्ची है, माफ करा."

"घरीच शिकवा ना तिले. चुंबकं लय हायेत तुमच्यापाशी."

अब्बांनी तिचं नाव काढून घेतलं. आज मंगरूळपीरला तिचं शिवणकामाचं दुकान आहे, ते चांगलं चालतं. त्या दिवसाचं दुःख नाही, असं ती म्हणते. मला आहे.

मी पुढे फिजिक्सच शिकवायला लागले. गेल्या वर्षी रिसोडच्या स्टँडवर सर भेटले. थकले होते.

"तू माही विद्यार्थिनी! नाव काढलं माह्यं."

"सर, शबाना आठवते?"

त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "कोन शबाना?"

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शिरपूरची गाडी लागली. "पिशवी चढवून दे व," ते म्हणाले. मी दिली. चढण्याआधी सर पायरीपाशी क्षणभर थांबले, चपला जुळवून, पाया पडून घेणारी माणसं थांबतात तसे.

मी वाकले नाही. कंडक्टरने घंटी मारली.