मरीयेचं कुंकू

आमचे हे पेंटर आहेत. नाव हौसेराव. कळंबोलीत ट्रकच्या फाळक्यावर मोर, गरुड, कमळ असं काय काय काढतात. ज्या ड्रायव्हरचा जो देव, तो ह्यांच्या ब्रशला चालतो. दिवसभर खंडोबा काढतील, दर्ग्याचा घुमट काढतील आणि संध्याकाळी हात धुऊन आमच्या उपासनेला येऊन बसतील. आम्ही साताऱ्याकडचे ख्रिस्ती, आजेसासऱ्यांपासूनचे. कुणी टोचलंच, की ख्रिस्ती असून खंडोबा कसा काढता हो, तर हे म्हणणार, "तो माणूस घाटातून एकटा जातो. त्याला सोबत नको?" असा सरळ माणूस. म्हणून तर माझा जीव जळतो.

लोखंड बाजाराच्या मागे एक गाळा भाड्याने घेऊन आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च म्हणा, भरते. गेल्या नाताळाच्या आधी पाळकसाहेब म्हणाले, मागच्या भिंतीवर प्रभुजन्माचं चित्र काढा. ह्यांना काय, चेवच आला. म्हणाले, कॅलेंडरवरची गोरी, निळ्या डोळ्यांची मरीया मी काढणार नाही. ती सुताराची बायको. बाळंतपणाला जागा मिळाली नाही तिला. आपल्यातलीच वाटली पाहिजे.

आणि धरली कुणाला, तर आमच्या शेजारच्या शकुबाईला. शकुबाई हिंदू, कराडकडची. तिचा नवरा कृष्णात वाशीच्या मार्केटात पोती उचलतो. कामाला वाघीण, तोंडाने फटकळ, पण चेहरा असा मायेचा की रडकं पोर गप्प होतं. आधी नाहीच म्हणाली. "भावजी, डोकं फिरलं काय तुमचं? मला कशाला देवाची आई करताय?" मग हसली, लाजली, आणि आमच्या दारात मांडी घालून बसली, मांडीवर उशीचं बाळ घेऊन. एकच अट घातली. "कुंकू ऱ्हाऊ द्या बरं का. कुंकवाबिगर मी बसनार न्हाय."

"राहील वहिनी. शब्द देतो," हे म्हणाले. मी तिथंच तांदूळ निवडत होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

चित्र काय झालं म्हणून सांगू! नऊवारी, हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर बाळ. शेजारी योसेफ कंदील धरून उभा. बघताना माझं मला रडू आलं.

मग कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, आणि लागली वाट. पहिले उठले आमच्याच मंडळीचे पंच. मरीयेला कुंकू? हे काय हळदीकुंकू आहे का? आपल्या आज्यांनी कुंकू सोडलं ते कशासाठी? त्यांना उत्तर देतोय न देतोय तोवर चार पोरं मोटारसायकलवरून आली. गळ्यात उपरणी. म्हणाली, आमच्या बायकांचा वेश तुमच्या मूर्तीला घालून लोकांना फसवताय, बाटवायचा धंदा आहे हा. मी म्हटलं, अरे बाबांनो, ही साडी माझ्या आजीनंही नेसलीय, ती काय तुमच्याकडून उसनी आणली होती? पण माझं कोण ऐकतं? संध्याकाळी गाळ्याच्या मालकाचा फोन. मला लफडं नको, म्हणाला, नाहीतर जागा खाली करा.

गंमत बघा. एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं, आणि सगळ्यांना खुपलं ते एकच कुंकू. पाळकसाहेब हात जोडून ह्यांना म्हणाले, "हौसेराव, एवढंच पुसा. बाकी सगळं राहू दे. मंडळी वाचेल."

ह्यांनी पुसलं. कपाळाचा रंग कालवला आणि कुंकवावर फिरवला. घरी येऊन मला एका शब्दाने सांगितलं नाही. जेवले आणि झोपले.

नाताळाच्या सकाळी शकुबाई आली. ठेवणीतली पैठणी, डोक्यात गजरा, हातात पेढ्यांचा पुडा. कृष्णातला ओढतच आणला होता. "चला की, तुमच्या बायकूला देवळात बसवलीया, बघा तरी!" दारातून आत आली, भिंतीकडे बघितलं, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या कपाळावर गेला.

बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसतात ते कधी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि नवरा तिथंच शेजारी उभा! कृष्णात बिचारा हसून म्हणाला, "अगं, मी धडधाकट हाय की." ती नाही हसली. पेढे माझ्या हातात दिले, म्हणाली, "नाताळाच्या शुभेच्छा, सुमित्रा," आणि चालती झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांच्याकडे बघितलं तर मान खाली.

तेव्हापासून माणूस पार खचलाय. आम्ही प्रभूची माणसं, शकुन-अपशकुन मानत नाही. पण हे कामाला जायच्या आधी उलट्या दिशेने वाशीला जातात. मार्केटच्या गेटाशी उभं राहून कृष्णातला लांबून बघतात. पाठीवर पोतं घेऊन चाललेला दिसला की मग कळंबोली. उपासनेत प्रभुभोजनाची, भाकरीच्या तुकड्यांची ताटली पुढे आली की हे न घेता शेजारच्याकडे सरकवतात. ज्याच्या मनात आपल्याविषयी काही आहे, त्याच्याशी आधी समेट करा असं बायबलात लिहिलंय ना, म्हणतात.

शेवटी मीच दामटून शकुबाईकडे नेलं. तिने चहा ठेवला. ह्यांनी हात जोडले. "वहिनी, चुकलो. भ्यालो मी. माफ करा."

"माफ काय करायचं, भावजी. लोकांची भीती मला न्हाय व्हय म्हाईत?" ती म्हणाली. मग कप ह्यांच्यापुढे ठेवून विचारलं, "पर एक सांगा. त्या चित्रात कंदील धरून उभा हाय, तो तिचा नवराच न्हवं?"

"हो."

"जित्ता हाय न्हवं?"

ह्यांनी चहाला हात लावला नाही.

परवा मीच म्हटलं, उठा. होईल ते होईल, गाळा गेला तर आमच्या घरात उपासना भरवू. शिडी मी धरते. भरदुपारी गेलो. गाळ्यात कुणी नव्हतं. हे लाल रंगाची डबी घेऊन वर चढले. ब्रश बुडवला, कपाळापाशी नेला. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. कुणीतरी पत्ता शोधत होतं, बाकी काही नाही, गेलंसुद्धा लगेच. पण ह्यांचा हात तिथंच राहिला. मी खालून म्हणतेय, "अहो, टेकवा ना, टेकवा," आणि ब्रशवरून रंग ठिबकून माझ्या हातावर पडतोय.

हे खाली उतरले. शिडीच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"पुसताना नाही गं अडला माझा हात," म्हणाले.